पुढचं बाईंना विचारा

आजोबांच्या कपाटातलं जवळजवळ एकही औषध मी कधी कुणाला लिहून दिलं नाही. पोट गच्च झालं की कार्मिनेटिव्ह मिक्श्चर, ताप आला की अल्कली मिक्श्चर, घसा धरला तर कापसाच्या बोळ्यानं आत फिरवायचा मँडल्स पेंट, खरजेला गंधकाचं मलम. त्यांच्या काळात हीच औषधं होती आणि त्यांनी ती मन लावून दिली. मी मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात जे पाठ केलं, त्यातल्याही बऱ्याच गोष्टींचं पुढं तेच झालं. विषमज्वर म्हटला की आम्ही क्लोरॅम्फेनिकॉल द्यायचो. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक दिवस पलंगावरून उठू द्यायचो नाही. आता काही गुंतागुंत नसेल तर त्याला एक-दोन दिवसांत उठवून चालवतात. पिढी बदलली की डॉक्टरला कपाट रिकामं करावं लागतं, आणि यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

आजीचं तसं झालं नाही. आजी डॉक्टर नव्हती. व्हर्नाक्युलर फायनल होऊन ती आधी स्कूल बोर्डाच्या आणि १९६२ नंतर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. तिनं दवाखान्याच्या ओसरीवर बसून जे केलं ते मी आज निवृत्तीनंतरही वॉर्डात रोज वापरते आणि एमबीबीएसच्या मुलामुलींना शिकवते. त्यात बदल करावा असं मला अजून काही सापडलेलं नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. पर्जन्यछायेचा मुलूख, मेंढरांचा आणि बाजरीचा. आजोबा पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमधून एल.सी.पी.एस. होऊन इथं आले. मॅट्रिकनंतर काही वर्षांचा हा अभ्यासक्रम असे आणि तो पूर्ण करणाऱ्याला डॉक्टरकीचा परवाना मिळे. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. देशात एकाच प्रतीचे, पदवीधर डॉक्टर असावेत असं समितीचं म्हणणं होतं. त्याच वर्षी पुण्याच्या त्या स्कूलचं कॉलेज झालं, आणि पुढं परवान्याचे हे अभ्यासक्रम बंद होत गेले. त्या वेळी देशात पदवीधरांपेक्षा असे परवानाधारक डॉक्टरच जास्त होते. समितीचा हेतू चांगला होता, हे मी मानते. पण माणसारख्या तालुक्यात येऊन राहणारा डॉक्टर बहुधा याच वर्गातला असे, आणि तो वर्ग संपल्यावर त्याची जागा घ्यायला पदवीधर लवकर आले नाहीत. आजोबा शेवटपर्यंत आसपासच्या कितीतरी वाड्यांचे एकटे डॉक्टर होते.

दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत. रुग्णानं बाटली घरून आणायची, कंपाउंडरनं तीत औषध भरायचं आणि कागदाची पट्टी कातरून बाटलीवर चिकटवायची. पट्टीला खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. आजोबा कमी बोलणारे होते. बाहेर बैलगाड्या उभ्या असायच्या, आत खोकणारी, कण्हणारी माणसं. ते तपासायचे, चिठ्ठी लिहायचे आणि म्हणायचे, "दिवसातनं तीनदा. कळलं?" समोरची बाई मान खाली घालून "व्हय" म्हणायची आणि बाहेर पडायची.

बाहेर पडून ती घरी जायची नाही. ओसरीवर बसून राहायची. संध्याकाळी शाळा सुटली, आजी परत आली की पदराखालची बाटली काढून विचारायची, "बाई, ही एक खूण म्हंजी किती वं?" एक विचारायला लागली की मग चारजणी. पोराला पाजू का नको, ताक चालंल का, अंघोळ घालायची का, रात्री उठवून औषध द्यायचं का. यातला एकही प्रश्न त्यांनी डॉक्टरसमोर काढलेला नसे. आजोबांच्या हे लवकरच ध्यानात आलं. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. ते चिठ्ठी देताना सरळ सांगू लागले, "पुढचं बाईंना विचारा." पुढं पुढं लोकच तसं धरून चालले. दवाखान्यात औषध मिळतं आणि ओसरीवर ते कसं घ्यायचं ते कळतं, अशी घडीच बसून गेली.

आजीची एक शिस्त होती. ती कुणालाही 'कळलं का' असं विचारत नसे. वर्गात तसं विचारलं की मागच्या बाकापर्यंतची सगळी पोरं एका सुरात 'हो बाई' म्हणतात, आणि पाटी बघितली तर कोरी, हे तिनं पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. त्यामुळं बाटली हातात घेऊन ती समजावून सांगायची आणि मग बाटली त्या बाईच्या हातात द्यायची. "आता मला दाखव. मी तुझी पोर. मला सकाळचं औषध दे." बाई लाजायची, हसायची, पण वाटीत ओतून दाखवायची. दोन खाचा ओतल्या तर आजी रागवायची नाही, पुन्हा सांगायची. ओतणं बरोबर जमेपर्यंत सोडायची नाही. औषध वाया जाऊ नये म्हणून या सरावासाठी पाण्याची एक बाटली, तशीच पट्टी लावलेली, ओसरीच्या कोनाड्यात कायम ठेवलेली असे.

आणि मग नारू. नारू काय असतो हे आता विद्यार्थ्यांना छायाचित्र दाखवून सांगावं लागतं, ही माझ्या आयुष्यातल्या मोठ्या आनंदांपैकी एक गोष्ट आहे. आमच्याकडं पिण्याचं पाणी बारवेचं. पायऱ्या उतरून खाली जायचं, पायाचे घोटे पाण्यात बुडवून घागर भरायची. त्या पाण्यात सायक्लॉप नावाचा बारीक जीव असतो. त्याच्या पोटात नारूची पिल्लं असली आणि ते पाणी प्यायलं, की वर्षभर काहीच कळत नाही. वर्षानं पायाला फोड येतो, भयंकर आग होते, फोड फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकं काढतो. त्याची लांबी दोन-तीन फूट. आग शमावी म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो, आणि जंत त्याच क्षणाची वाट बघत असल्यासारखा आपली पिल्लं पाण्यात सोडतो. पुन्हा सायक्लॉप, पुन्हा घागर, पुन्हा पुढच्या उन्हाळ्यात तेच घर.

आजोबांजवळ नारूवर काही नव्हतं. ते फोड स्वच्छ करायचे, पट्टी बांधायचे आणि जंत बारीक काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायला सांगायचे. घाईनं ओढला आणि आत तुटला की पाय सुजायचा, पू व्हायचा, माणूस महिना-महिना झोपून राहायचा, तेही ऐन कामाच्या दिवसांत. नारूवर तेव्हा औषध नव्हतं, लसही नव्हती. आजही नाही. घरात डॉक्टर असूनही ज्या रोगापुढं डॉक्टरकी हात टेकते, त्या रोगाचं काम आपोआपच आजीकडं आलं.

तिनं आजोबांचा औषध मोजायचा काचेचा पेला शाळेत नेला. बारवेचं पाणी भरून तो उन्हात धरला आणि पोरांना एकेक करून बघायला लावलं. नीट बघितलं तर पाण्यात पांढुरके ठिपके दिसतात, झटके देत इकडून तिकडं जातात. पोरं किंचाळली. मग तिनं धुतलेल्या लुगड्याचा तुकडा चौपदरी करून पेल्यावर बांधला, तेच पाणी त्यातून गाळलं आणि गाळलेला पेला पुन्हा उन्हात धरला. ठिपके नाहीत. ती एवढंच करून थांबली नाही. प्रत्येक पोरानं घरी जाऊन आईला, आजीला हे करून दाखवायचं आणि आईनं काय म्हटलं ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं, असा अभ्यास दिला. गावातल्या एका म्हाताऱ्यानं तिला अडवलं होतं म्हणतात. आमच्या पणज्यानं हेच पाणी पिलं, तुमी कोण सांगणार? आजी त्याच्याशी वाद घालत बसली नाही. "दादा, जरा उन्हात चला," एवढंच म्हणाली.

पाणी गाळायचं लोकांनी मानलं. दुसरी गोष्ट जड होती. पायाला नारू असलेल्यानं बारवेत उतरायचं नाही, हे सगळ्यांना पटलं, पण ज्या घरच्या बाईलाच नारू झालाय त्या घरात पाणी आणायचं कुणी? इथं आजीबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो. नुसता उपदेश करून ती मोकळी झाली नाही. सातवीतली थोरली पोरं शाळा भरायच्या आधी त्या घरांच्या घागरी भरून देतील अशी पाळी तिनं लावून दिली. गावकुसाबाहेरच्या बायकांना तर बारवेत उतरायचीच मुभा नव्हती. त्या वर उभ्या राहायच्या आणि कुणी घागरीत ओतलं तर घ्यायच्या. न उतरताही नारू त्यांच्या घरी पोचायचा, कारण पाणी तेच. आजीनं त्या वस्तीतही पेला नेला, फडकी नेली. पोरांच्या पाळीत त्या वस्तीतल्या घागरीही धरल्या, त्यावरून बोलणी खाल्ली आणि पाळी मोडली नाही. बारवेची बंदी मात्र ती उठवू शकली नाही.

पुढं १९८०च्या दशकात सरकारनं नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पायऱ्यांच्या विहिरींत लोकांनी उतरू नये म्हणून त्या बदलून घेतल्या, हातपंप बसवले, सायक्लॉप मारायला पाण्यात टेमेफॉस टाकलं, गाळायला बारीक जाळीची फडकी वाटली. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. मी ती बातमी आजीला वाचून दाखवली तेव्हा ती बरीच थकली होती. तिनं विचारलं, "राजस्थानात कुणी दाखवलं असेल गं लोकांना?" मला सांगता आलं नाही. पण कुणीतरी, बहुधा एखाद्या शाळेच्या पडवीत, दाखवलं असणारच.

माझे वडील, आप्पा, डॉक्टर झाले नाहीत. रात्री-अपरात्री दारावर पडणाऱ्या थापा त्यांनी लहानपणी पुष्कळ ऐकल्या होत्या. ते रयत शिक्षण संस्थेच्या शाळांतून गणित आणि विज्ञान शिकवत राहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेल्या या संस्थेनं सातारा जिल्ह्यातल्या माझ्या पिढीच्या किती मुलांना हायस्कूल दाखवलं, याचा हिशेब करणं अवघड आहे. आप्पांची एक सवय सांगते. शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेणाऱ्या मुलाला ते आधी पहिल्या बाकावर बसवून बघायचे. तिथं बसून तो फळ्यावरचं वाचू लागला, तर त्याच्या वडलांना चिठ्ठी जायची, डोळे तपासून घ्या. कित्येक मुलांचा आळशीपणा चष्म्यानं गेला. तपासणी कशी करावी हे मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. एखाद्या मुलाच्या वागण्यात आजार शोधायचा असतो हे मात्र आप्पांच्या वर्गात शिकले.

मिरजेला मी हाउसमन झाले तेव्हा क्षयाचे रुग्ण भरपूर असत. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, आयसोनियाझिड, थायासिटाझोन, आणि हे सगळं दीड वर्ष. रिफॅम्पिसिन आलं होतं, पण महाग होतं. दोन महिन्यांत खोकला थांबायचा, वजन भरायला लागायचं आणि रुग्ण यायचा बंद व्हायचा. वर्ष-दीड वर्षानं तोच माणूस परत यायचा, या वेळी जास्त आजारी. केसपेपरवर एक शब्द लिहिलेला असायचा: डिफॉल्टर. मला तो शब्द तेव्हाही खटकायचा, आजही खटकतो. दीड वर्ष औषध का घ्यायचं हे त्याला कुणी सांगितलं होतं, आणि त्याला ते सांगता येतं का हे कुणी तपासलं होतं?

रिफॅम्पिसिननं लघवी तांबडी-केशरी होते. निरुपद्रवी आहे ते. पण आधी सांगितलं नसेल तर माणूस रक्त जातंय म्हणून घाबरतो आणि औषध सोडतो. खटाव तालुक्यातून आलेली एक तरुण बाई होती, कडेवर तान्हं मूल. तिला सगळं सांगून झाल्यावर मी आजीच्या पद्धतीनं विचारलं, "घरी गेल्यावर सासूला काय सांगशील?" तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "सांगीन, आत्याबाई, रगत न्हाई, गोळीचा रंग हाय. खोकला ऱ्हायला तरी गोळी सोडायची न्हाई, आत किडा जित्ता असतोय." माझ्या प्राध्यापकांनी राउंडला ते ऐकलं आणि बाकीच्या रुग्णांना समजावायला तिलाच बोलवा म्हणाले. ती पुढचे चार-आठ दिवस वॉर्डातल्या बायकांना सांगत होती, माझ्यापेक्षा चांगलं. तिनं औषध पुरं केलं.

तेव्हापासून मी 'सासूला काय सांगशील', 'शेजारणीनं विचारलं तर काय म्हणशील', 'आता मीच पेशंट, मला शिकवा' असे प्रश्न विचारत आले. मधुमेहाच्या ओपीडीत तर त्यावाचून चालतच नाही. आपल्याकडं इन्शुलिन मुख्यतः दोन तीव्रतांचं मिळतं, एका मिलिलिटरला ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या: ४०ची लाल टोपीची, १००ची नारिंगी टोपीची. १०० युनिटचं इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं २०च्या खुणेपर्यंत भरलं तर पोटात २० नव्हे, ५० युनिट जातात. असं झालेला माणूस घामाघूम, बेशुद्ध होऊन आलेला मी पाहिला आहे. कुपी आणि सिरिंज समोर ठेवून, रुग्णाला भरून दाखवायला लावल्याखेरीज त्याला घरी सोडू नये, असं मी मुलांना बजावते. त्याच्या हाताकडं बघा, म्हणते. 'हो डॉक्टर' वर विश्वास ठेवू नका.

मुलं विचारतात, मॅडम, ओपीडीत माणसामागं दोन-तीन मिनिटं मिळतात, हे सगळं करायचं कधी? प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. आजोबांकडंही वेळ नव्हता. फरक एवढाच की त्यांच्या दवाखान्याला ओसरी होती, आणि ओसरीवर एक माणूस होतं ज्याचं कामच सांगणं हे होतं. आमच्या मोठाल्या रुग्णालयांत यंत्रं आली, तपासण्या आल्या, पण ओसरीवरची ती जागा भरायची कुणाला सुचली नाही. समुपदेशक आहेत ते मोजक्या आजारांना. परिचारिका सांगू शकतात, उत्तम सांगतात, पण त्यांच्याकडं पेशंट इतके की त्यांना पाणी प्यायला फुरसत नसते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि पुढं खेड्यातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. डॉक्टरनं आपल्या ज्ञानातलं शक्य तेवढं गावातल्या बाईच्या हाती द्यायचं, असा त्यांचा मार्ग होता. शिकाऊ डॉक्टर असताना मी ते काम पाहून आले. तिथं त्या बायका एकमेकींना बाळाचं वजन करायला शिकवत होत्या, आणि मला थेट आमची ओसरी आठवली.

२०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलायचं कसं याचे तास रीतसर आले आहेत. मला त्याचा आनंद वाटतो. फक्त ते तास व्याख्यानाच्या हॉलमध्ये होतात तेव्हा मी मुलांना उठवून वॉर्डात नेते. तिथं एखादी आजी त्यांना तीनदा तेच विचारते, चौथ्यांदाही विचारते, आणि खरा धडा तिथं सुरू होतो.

माझी मुलगी वाचा-श्रवणतज्ज्ञ आहे. ती डॉक्टर की शिक्षिका हे मला ठरवता येत नाही आणि तिला ठरवायची गरज वाटत नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानात आता कॉक्लियर इम्प्लांट बसवता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून गरिबाघरच्या मुलांनाही ते मिळू लागलं आहे. शस्त्रक्रिया काही तासांची. त्यानंतर यंत्र सुरू केलं की मुलाला आवाज येऊ लागतो, पण आवाज येणं म्हणजे भाषा येणं नव्हे. ती शिकवावी लागते, वर्षानुवर्षं, रोज, घरात. म्हणून माझी मुलगी मुलापेक्षा त्याच्या आईला जास्त शिकवते. रोज सकाळी यंत्र नीट चाललंय का हे बघण्यासाठी सहा आवाज काढायचे असतात: आ, ई, ऊ, म, स, श. मुलाला ओठ दिसू नयेत म्हणून मागून, तोंड झाकून. मुलानं प्रत्येक आवाजाला डब्यात एक मणी टाकायचा. आईला हे सांगून झालं की मुलगी खुर्चीवरून उठते, आईला त्या खुर्चीवर बसवते आणि म्हणते, "आता तुम्ही घ्या तास." ती हे माझ्याकडून शिकली की कॉलेजात, ते मी विचारलेलं नाही.

सध्या तिला एका चार वर्षांच्या मुलीची काळजी आहे. आईवडील ऊसतोडीला जातात. हंगाम सुरू झाला की घर सहा महिने कोपीवर. तिथं वीज नाही, यंत्राची बॅटरी चार्ज करायची कुठं हा पहिला प्रश्न. तो सुटला, कारखान्याजवळच्या एका दुकानदारानं चार्जिंगला जागा द्यायचं कबूल केलं आहे. दुसरा प्रश्न तासांचा. आई पहाटे अंधारात फडात जाते आणि दिवस मावळल्यावर परत येते. त्या वेळी मूल झोपेला आलेलं असतं. फोनवर तास घ्यायचे तर रेंज मिळेल याचा नेम नाही. दिवसभर कोपीवर त्या मुलीजवळ असते ती तिची थोरली बहीण, चौथीतली. तेव्हा हंगामाच्या आधी तिलाच तयार करायचं असं आम्ही मायलेकींनी ठरवलं. तिची शाळा या सहा महिन्यांत बुडू नये म्हणून मी त्यांच्या गावच्या गुरुजींशी बोलणार आहे. पुढच्या आठवड्यात दोघी बहिणी येतील. सहाही आवाज मागून काढायचे, मणी मोजायचे, कुठला चुकला ते वहीत मांडायचं, हे त्या थोरलीनं आम्हाला करून दाखवलं की मग पुढचं ठरवू.